भर दुपारी बोलणारी ज्वारी

खूप खूप जुनी गोष्ट आहे, ऐका हं! एका गावात पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर आला, नाही तर नाही. गावाला तळं एकच, आणि त्यात पाणी पाचच पाळ्यांचं. एक पाळी म्हणजे सगळी ज्वारी एकदा भिजवायची, बस्स!

पाणी सोडणाऱ्याला तिथं पाटकरी म्हणायचे. म्हाताऱ्या धोंडाआत्याचे गुडघे गेले आणि हे काम तरण्या केरबाकडे आलं. पाणी किती लागेल, पीक किती येईल, हे पाटकऱ्यानं सांगायचं आणि त्याच्या शब्दावर गावानं साठवणीच्या धान्याचं पेव उघडायचं, अशी रीत.

एका दुपारी केरबा बांधावर उभा होता. वारा नाही, पाखरू नाही. ज्वारीची पानं सुरळीसारखी वळली, आणि अख्खं शेत एका आवाजात बोललं, "पाणी दे."

केरबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं धावत जाऊन पाट सोडला. थोड्या दिवसांनी पुन्हा तीच दुपार, तोच आवाज. पुन्हा पाट.

ज्वारी अशी वाढली, अशी वाढली, की आत शिरलेला माणूस दिसेना! केरबा चावडीवर छाती काढून म्हणाला, "बिघ्याला दहा पोती, लावा पैज!" आत्याच्या वेळी सहाच्या वर कधी गेलं नव्हतं. गावानं पेव उघडलं आणि जुनं धान्य हसतखेळत खाऊन संपवलं.

चार पाळ्या झाल्यावर धोंडाआत्या बैलगाडीतून शेतावर आली.

"काय रे, पाटकरी झालास का पाणक्या?"

"आत्या, ती मागते गं. तूच ऐक."

"दुपारच्या उन्हात मीसुद्धा कुरकुरते! पहाटेही पान वळलेलं दिसलं, तर ती खरी तहान. हात घाल मातीत."

केरबानं हात घातला. वरच्या वीतभरातच पांढऱ्या मुळ्यांचा गुंता. खाली कोपरापर्यंत ओलीगार माती, पण मूळ एक नाही. आणि त्या मुळ्यांनी हळूच त्याची बोटं धरली. तान्ह्या बाळासारखी, घट्ट.

"वरच मिळतंय, मग खाली कशाला उतरेल ती?" आत्या म्हणाली. "आता शेवटची पाळी दाणा भरताना. तोवर राख."

केरबानं मान डोलावली. पण दुसऱ्या दुपारी शेत रडायलाच लागलं. दहा पोत्यांचा शब्द तो गावाला देऊन बसला होता. त्यानं कान झाकून पाहिले, आणि मग पाट सोडला.

कणसं बाहेर पडली. दाणा भरायची वेळ आली. केरबा पहाटे गेला, तर पानं वळलेलीच. शेत मात्र चिडीचूप.

"माग की!" तो ओरडला. "बोल की गं!"

एक पान हललं नाही. तळ्यात भेगा पडल्या होत्या.

कणसं चोळली तर तळहातावर नुसतं भूस. त्या वर्षी गावातली गुरं कडबा खाऊन माजली, आणि माणसं रानोमाळ कंदमुळं उकरत फिरली.

तर मंडळी, मागतंय किती ते ऐकू नका, लागतंय किती ते तपासा.