गर्भात ऐकलेला सूर

कृतयुग उतरणीला लागले होते, तरी माणसांची झोप अजून शाबूत होती, त्या काळची ही कथा. वेत्रवतीच्या तीरावर तृणकेतू नावाच्या महर्षींचा आश्रम होता. कदंबांच्या गर्द छायेत हरणे निर्भयपणे रवंथ करीत, होमधूमाने सायंकाळचे आकाश निळसर होई, आणि महर्षींचा मेघगंभीर वेदघोष पैलतीरी पाणी भरणाऱ्या स्त्रियांनाही स्पष्ट ऐकू जाई. तसे आश्रम आता राहिले नाहीत, तसे कंठही नाहीत. त्या सायंकाळी आठवल्या की मला आजही हुरहूर लागते.

महर्षींनी बारा वर्षांचे व्रत धरले होते. रोज सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अखंड पठण करायचे. व्रत पुरे होताच ब्रह्मर्षिपद ठरलेले. बाराव्या वर्षाचे दोन-तीन महिने उलटले तेव्हा त्यांची पत्नी शमिता गर्भवती झाली, आणि महर्षींनी निश्चय केला की पुत्राला गर्भातच चारही वेद शिकवायचे. विद्वान माणूस चुकतो तेव्हा साधासुधा चुकत नाही, सशास्त्र चुकतो. ते पत्नीच्या उशाशी बसून रात्ररात्र गर्जू लागले.

शमिता दिवेलागणीला अंगणात नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे भात, निवडत बसे. तेव्हा एक हात पोटावर ठेवून ती गुणगुणत असे. त्या सुराला शब्द नव्हते. तिच्या आईनेही तो असाच गुणगुणला होता. तो सूर ऐकला की पोटातले बाळ लाथा मारायचे थांबून शांत होई.

प्रसूतीच्या आदल्या सायंकाळी महर्षी कडाडले, "शमिते, आवर ही निरर्थक गुणगुण! वेदध्वनीत व्यत्यय येतो."

"स्वामी, वेद त्याने अवश्य ऐकावेत," ती हात जोडून म्हणाली, "पण माझा डोळा तरी लागू द्या. मी निजले की तोही निजतो."

महर्षींचा क्रोध तो! हातात उदक घेऊन ते गर्जले, "हे निद्रे, तपाची तू वैरीण! या आश्रमाचा उंबरठा ओलांडशील तर भस्म होशील!"

दुसऱ्या दिवशी पुत्र झाला आणि शाप फळाला आला. बाळ निजेना. पैलतीरीच्या सुइणींनी तेल चोळले, कोमट पाण्याने न्हाऊ घातले, टाळू भरली; सगळे व्यर्थ. बाराव्या दिवशी बारशाऐवजी घरात भय दाटले. बाळाचे रडणे धाग्यासारखे बारीक झाले होते आणि ते दूधही ओढीना. शमिता म्हणाली, "स्वामी, तुमचे पद तुम्हाला मिळेल. माझे बाळ मात्र जाईल."

महर्षी धावत कुंपणापाशी आले. तिथे शिळेवर एक सावळी, जड पापण्यांची स्त्री रडत बसली होती. तीच निद्रादेवी.

"माते, आत ये! मी शाप मागे घेतो!"

"मुनिवर्या, सुटलेला शाप मागे फिरत नाही," देवी म्हणाली. "ज्या वाणीने मला रोखले, ती थांबेल तेवढाच वेळ मला वाट मिळेल. बाळ पाळण्यात आहे तोवर दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत मौन धरा. दिवा मंद करा. बाळाला उताणे, मोकळ्या अंथरुणावर ठेवा. आणि जो सूर तुम्ही बंद केलात तो तिला गाऊ द्या. माझी आणि बाळाची ओळख त्या सुरानेच झालेली आहे."

व्रत पुरे व्हायला अवघे तीन दिवस उरले होते. महर्षींनी आकाशाकडे पाहिले, मग झोपडीकडे पाहिले. सूर्य मावळला. बारा वर्षांत प्रथमच वेत्रवतीच्या काठी वेदघोष उठला नाही.

त्या शांततेत शमिता गुणगुणू लागली. बाळाने रडणे थांबवले, मान वळवली, जणू माहेरचे कुणी भेटावे. पापण्या मिटल्या. पाठोपाठ, पाळण्याची दोरी हातात धरूनच, बारा दिवसांची जागलेली आईही निजली. महर्षींनी ती दोरी अलगद काढून घेतली आणि उजाडेपर्यंत न बोलता पाळणा हलवला. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

ब्रह्मर्षिपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुत्र सुस्वन मात्र मोठा वेदज्ञ झाला. पुढे शमिता गेली, महर्षी थकले, आणि शेवटच्या आजारात त्यांनाच झोप येईना. सुस्वन उशाशी बसून मंत्र म्हणू लागला तेव्हा वृद्ध पित्याने त्याचा हात धरला.

"बाळा, वेद पुरे. तुला गर्भात जे शिकवले गेले, ते म्हण."

"तात, तेव्हाचा वेदातला एक शब्दही मला आठवत नाही."

"मी शिकवलेले नव्हे रे."

सुस्वन शब्दांवाचून गुणगुणू लागला. महर्षींनी डोळे मिटले.

म्हणून अजूनही पाळणा बांधलेल्या घरात दिवे लागले की माणसे हळू बोलतात, आणि अंगाईचे शब्द विसरलेली आई नुसतीच गुणगुणते. बाळ तेवढ्यावरच निजते.