गोजराक्कांच्या टीव्हीची पाठ

गोजराक्कांनी टीव्ही घेतला, पण घर टीचभर. म्हणून तो खिडकीत, अंगणाकडे तोंड करून ठेवला. रविवारी सगळी आळी अंगणात फतकल मारून सिनेमा बघे.

तेव्हा टीव्हीला सरकारी लायसन्स लागे. ऐन सिनेमात लायसन्सचे इन्स्पेक्टर तुंगारेसाहेब छाती फुगवून टपकले. "लायसन्स नाही? डबा जप्त! ज्या घराचे डोळे पडद्यावर, त्या घरानं फी भरलीच पाहिजे!"

आक्कांची जीभ मात्र शाबूत होती. "झकास नियम, साहेब! आमच्या घराला तर डब्याची नुसती पाठ दिसते. पुढं शेंगा सोलत बसल्यात ना, त्या बाईंपासून वसुली सुरू करा."

साहेब ऐटीत वळले. समोर त्यांच्याच सौभाग्यवती!

"अहो, बाजूला सरका, दिसत नाही!" बाई खेकसल्या.

साहेब सरकले, ते थेट आळीबाहेर.