ठकाईचं रिंगण

टेका जरा पाव्हणं, हा चढ दमवतोच. आमच्या वाडीत प्रत्येक घराभोवती ही उघडी माती दिसते ना, तिला ठकाईचं रिंगण म्हणतात. इथं वाळली काडी ठेवायची नाही. गवताची गंजी लांब, सरपण लांब, कुंपणही भिंतीपासून सुटं. भिंतीलगत फार तर कोरफड.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. छपरं गवताची, गंज्या भिंतीला टेकलेल्या, मागं बांबूची बेटं. डोंगराला वणवा लागला की वाडी जळायची. माणसं पुन्हा घरं बांधायची, तशीच. अशाच एका वणव्यात ठकाईचा नवरा बिरू वासरं सोडवायला गोठ्यात शिरला. वासरं बाहेर आली, तो आला नाही.

पावसाळ्यात जळल्या बेटाला कोंब फुटले. बेट बिरूनंच लावलेलं. बायका म्हणाल्या, "बघ, धनी परत आला तुझा."

ठकाईनं कोंबांवरून हात फिरवला, आणि कुदळ उचलली. रडत रडत सगळं बेट मुळापासून खणून काढलं, असं सांगतात. मग गंजी हलवली, गवत उपटलं. रोज शेतावरून आली की झाडायची. थोरला दीर मल्हारी एकदा म्हणाला, "घराभोवती मसणवटा केलास, ठके."

"तो होऊ नये म्हणूनच झाडते, भावजी."

पुढच्या उन्हाळ्यात कड्यावरून आग उतरली. पळायला वाट उरली नाही. म्हातारी आई पाठीवर घेऊन मल्हारी त्याच अंगणात आला, मागोमाग सारी वाडी. ओल्या घोंगड्यांनी माणसं छपरावरच्या ठिणग्या विझवत राहिली. जाळ मातीच्या कडेपर्यंत आला, त्याला खायला काही मिळेना, तसा बाजूनं निघून गेला. वाडीत तेवढं एकच घर उरलं.

सकाळी मल्हारीनं पागोटं तिच्या पायाशी ठेवलं. "आता तू सांगशील तसं."

ठकाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "सांगू काय? उद्यापासून तुमचं तुम्ही झाडा. मी दमले."

आजही शेवटचं रिंगण झाडून झाल्याशिवाय आमच्याकडं होळी पेटत नाही. पोरं शहरात गेली, घरांना कुलपं लागली. त्यांची अंगणंही आम्ही म्हातारी माणसंच झाडतो. यंदा धाकू झोऱ्याचं राहिलंय. लेकाकडं गेलाय तो, बहुतेक परतायचा नाही. पण वणव्याला ते कोण सांगणार? उठतो मी. जमलं तर एक खराटा तुम्हीही घ्या.