हिरवा करून दाखवलेला बोर्ड

एका औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना होता. तिथे नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनत. त्या यंत्रांचा सर्किट बोर्ड यामिनी नावाची इंजिनिअर आखायची. बाई कामाला वाघ, पण चूक कबूल करायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं!

बोर्ड बनवायला देण्याआधी ती कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे बोर्डाची नकली चाचणी, करून बघायची. बोर्डाच्या कानाकोपऱ्यात पुरेसं व्होल्टेज पोचतंय का, ते त्यात रंगांनी कळतं. पोचलं तर हिरवं, कमी पडलं तर लाल. या वेळी नेमका तापमान सांभाळणाऱ्या चिपचा कोपरा लालभडक झाला. तिथली वीज नेणारी तांब्याची वाट यामिनीनेच आराखड्यात मध्ये भोकं ठेवून अरुंद केली होती. हीटर पूर्ण जोरात चालू झाला, की ती चिप बंद पडणार होती आणि बाळाची ऊब आवरायला काही उरणार नव्हतं. आली का पंचाईत! मालक कुलथेसाहेब तर आराखड्याची फाइल बोर्ड बनवणाऱ्यांना आजच पाठवायची म्हणून मागे लागलेले.

यामिनीने बोर्डाला हातच लावला नाही. लाल रंग कधी दाखवायचा, ती मर्यादा तिने सैल केली. क्षणात सगळा बोर्ड हिरवागार! साहेब खूश झाले.

तेवढ्यात यंत्र बघायला रुग्णालयातल्या घाटगेसिस्टर आल्या. त्यांनी साधंच विचारलं, "मॅडम, बाळ यात ठेवलं की मी निर्धास्त दुसऱ्या बाळाकडे जाऊ ना?"

'हो' म्हणायला यामिनीने तोंड उघडलं आणि तिचे डोळे भरून आले.

"नाही, सिस्टर. साहेब, फाइल पाठवू नका. बोर्डात दोष आहे. तो दिसू नये म्हणून मी रंग बदलले."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "किती दिवस लागतील दुरुस्तीला?"

"दोन."

"अगं, मग आत्ता बोललीस ते बरं केलंस! यंत्रं रुग्णालयात पोचली असती म्हणजे?"

सिस्टर तर हसायलाच लागल्या. "इतकी वर्षं आम्ही बल्बखाली बाळं शेकतोय. दोन दिवसांचं काय घेऊन बसलात!"

पुढचे दोन दिवस खपून यामिनीने भोकं सरकवली, तांब्याची वाट रुंद केली, रंगाची मर्यादा पूर्ववत केली आणि पुन्हा सिम्युलेशन लावलं. हळूहळू चित्र उमटलं. कोपरा हिरवा होता, अगदी खराखुरा हिरवा! हुश्श करून ती खुर्चीत मागे टेकली आणि कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

तात्पर्य: तपासणीत दिसलेला दोष झाकला, तर तो कुणाच्या तरी जिवावर बेततो; पण वेळीच सांगितला, तर दोन दिवसांच्या कामावर निभावतं.