आव्याच्या दिवशीचे औषध

एकदा एका वृद्ध वैद्याने रुग्णाचे औषध आपल्याच शिष्याला घ्यायला लावले. शिष्याला काहीही झालेले नव्हते. झाले होते ते गेनू कुंभाराला.

गेनूला फेफरे येई. चालता-बोलता माणूस क्षणात कोसळे, हातपाय झाडी आणि शुद्धीवर आला की भोवतीच्या लोकांकडे ओशाळून पाही. शेतात पडला असता तर खरचटण्यावर भागले असते. पण गेनूचा धंदाच विस्तवाशी. मडकी भाजण्याचा आवा एकदा पेटवला की कुंभाराला तेथून हलता येत नाही; आच वाढली तर मडकी तडकतात, मंदावली तर कच्ची राहतात. मागच्या आव्याला तो निखाऱ्यांच्या कडेला पडला आणि कोपरापर्यंत हात भाजून निघाला. आता अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. पितरांच्या नावाने द्यायच्या घटांसाठी गावोगावचे निरोप येत होते आणि नवा आवा रचून तयार होता. नवऱ्याला घेऊन वैद्यांच्या दारी आलेल्या भागाच्या डोळ्यांपुढे तोच आवा दिसत होता.

वयोमानामुळे वैद्यांनी रुग्ण शिष्यावर सोपवले होते. शिष्य हुशार, त्याचे पाठांतर चोख, आणि नव्याने शिकलेल्या माणसाचा असतो तसा आवाज खडा.

“औषध नेमाने घेतोस ना?” त्याने विचारले.

“व्हय जी, घेतो की,” गेनू जमिनीकडे पाहत म्हणाला.

“मग गुण का येत नाही? मात्रा दुप्पट करतो. आता हयगय केलीस तर जिवाला मुकशील, आणि मग माझ्याकडे येऊ नकोस!”

जिवाला मुकलेला माणूस वैद्याकडे कशाला येईल, हे त्या विद्वानाच्या ध्यानात आले नाही. भागा काही बोलणार होती. पण शिष्याचा चेहरा पाहून तिने पदर तोंडाशी धरला.

कोपऱ्यात बसलेले वृद्ध वैद्य तेवढ्यात उठले आणि शिष्याने बांधलेल्या पुड्या त्यांनी काढून घेतल्या. “भागाबाई, औषध आम्हीच घरी घेऊन येतो. तोवर आवा पेटवू नका, एवढं माझं ऐका.”

“वैद्यबाबा, सण आलाय की हो तोंडावर!”

“सण पुढच्या वर्षी परत येतो, बाई.”

ती दोघे गेल्यावर वैद्यांनी पुड्या शिष्यापुढे ठेवल्या. “गेनूची पूर्वीची मात्रा आता तू घे. एक आत्ता सकाळची, एक दुपारी. आणि कामात खंड पडू देऊ नकोस.”

शिष्य चक्रावला. पण गुरूंची आज्ञा! त्या दिवशी त्याच्याकडे औषधी तेल सिद्ध करण्याचे काम होते. मंद आचेवर कढई, सतत ढवळणे, आणि नजर क्षणभरही हलवायची नाही. एकदा का तेल करपले की पावसाळाभर रानात हिंडून जमवलेल्या मुळ्या वाया. सकाळची पुडी त्याने मुकाट्याने घेतली. सूर्य वर आला तशा त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या. एकदा मान खाली गेली ती उग्र वासानेच वर आली. तेल थोडक्यात वाचले होते. दुपारी त्याने इकडेतिकडे पाहिले आणि दुसरी पुडी चुलीत टाकली.

संध्याकाळी वैद्यांनी खड्या आवाजात विचारले, “औषध नेमाने घेतलेस ना?”

“हो, गुरुजी.” उत्तर तोंडातून बाहेर पडून गेल्यावर त्याला कळले की आपण खोटे बोललो.

“आणि तरी डोळा न लागता तेल नीट उतरले? म्हणजे मात्रा फारच कमी पडते आहे. उद्या दुप्पट घे.”

शिष्याने चुलीकडे पाहिले. दुप्पट घेऊन चुलीशी बसायचे? खरे सांगावे तर लाज जाते, न सांगावे तर कढईत तोंड जाते. शेवटी तो गुरूंच्या पायाशी बसला. “गुरुजी, दुपारची पुडी मी घेतलीच नाही. झोप अनावर होते. तेल करपेल याची भीती वाटली.”

“मग सांगितले का नाहीस?”

“तुमचा आवाज ऐकून धीर झाला नाही.”

वैद्य हसले नाहीत. ते म्हणाले, “बाळ, ‘घेतोस ना?’ असे विचारताना उत्तर आपण आधीच रुग्णाच्या तोंडात कोंबलेले असते. भ्यालेला माणूस तेच परत देतो. त्याच्या ‘हो’वर विसंबून आपण मात्रा वाढवतो, आणि एखाद्या दिवशी तो घाबरून खरोखरच सगळी घेतो. तुला तेलाची भीती होती. गेनूपुढे आवा आहे.”

शिष्याला ते दृश्य दिसले. गुंगीत डुलणारा गेनू, आणि समोर आग. मात्रा दुप्पट करणारा तोच होता. त्याला ती रात्र जड गेली.

उजाडताच तो गेनूच्या पुड्या घेऊन कुंभारवाड्याकडे निघाला. दुरूनच त्याला धुराची रेघ दिसली आणि तो धावत सुटला. पण तो धूर भागाच्या चुलीचा होता. गेनू चाकाशी बसला होता. धापा टाकणाऱ्या शिष्याला पाहून तो धडपडत उठू लागला. शिष्याने त्याला बसवले आणि स्वतः समोर मातीतच बैठक मारली.

“गेनूभाऊ, औषध घेणं कोणत्या दिवशी जमत नाही?”

गेनूने बायकोकडे पाहिले. चाक फिरत फिरत थांबले.

“आवा लावायचा आसला की,” तो हळूच म्हणाला. “दोन दिस आदीपासनंच सोडतो जी. डोळा लागला तर समदं जळंल.”

“आन् सोडलं की त्याच दिवशी पडतुया!” भागाला रडू फुटले. “म्या किती येळा सांगितलं, वैद्यान्ला सांगा, वैद्यान्ला सांगा!”

शिष्याने पुड्या बाहेर काढल्या नाहीत. “आधी मला सांगा,” तो म्हणाला, “आव्याच्या दिवशी तुम्ही औषध घेतलं, तर आगीशी दुसरं कोण बसू शकेल?”

भागाने डोळे पुसले. “माझा भाऊ हाय की. पर इतके दिस कुनी इचारलंच न्हाई.”

आपल्या घरीही गोळ्यांची डबी असेल. आज ‘घेतल्या ना?’ असे न विचारता, ‘कधी राहून जातात?’ असे विचारून पाहावे, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसून राहावे.