दहा घागरींनी न भरणारा हौद

निंबगडच्या राजाचा न्हाणीचा हौद दहा घागरींत काठोकाठ भरायचा, पण यंत्र काही "पुरे" म्हणेना!

यंत्र म्हणजे राजानं कुठल्याशा लिलावात घेतलेला जुनाट संगणक. त्याला जुन्या पेढ्यांमधली कोबॉल नावाची म्हातारी भाषा तेवढी कळायची. यंत्रशास्त्री नीळकंठपंतांनी त्या भाषेत लिहून दिलं होतं: दर घागरीला हौदाचा एक दशांश मिळव, बरोबर एक झाला की घंटा वाजव. सुभाना पाणक्यानं दहा घागरी ओतल्या. घंटा नाही. अकरावी ओतली. घंटा नाही! चाळिसाव्या घागरीला राजाचे जोडे तरंगत दरबारात आले.

"थांबला का नाहीस रे?" राजा गरजला.

"सरकार, घंटेआधी थांबलास तर चाबूक, असा आपलाच हुकूम!"

"दहा दशांश म्हणजे एक! यंत्र चुकत नसतं, तूच चुकला असशील. उद्या दहाव्या घागरीला घंटा झाली नाही, तर बायकोसकट वेशीबाहेर! यंत्र बदलायचं नाही, घागर बदलायची नाही, भाषाही बदलायची नाही!"

सुभाना घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको हौसा परटीण, राजवाड्याचे कपडे तीच धुवायची. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते यंत्र मोजतं कसं, विचारलंत का पंतांना?"

"विचारलं. म्हणाले, त्याला अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, एवढंच करता येतं."

हौसा गालातल्या गालात हसली. "मग निवांत जेवा."

सकाळी ती राजाचा धुतलेला शेला घेऊन दरबारात उभी राहिली.

"महाराज, दर खेपेला मधोमध घडी घालायची आणि बरोब्बर दहा सारखे पदर पाडून दाखवायचे. जमलं तर आम्ही आपणहून वेशीबाहेर!"

"हात्तिच्या!" राजानं घडी घातली. दोन झाले. चार झाले. आठ झाले. "आता दोनच हवेत!" आणखी एक घडी, तर झाले सोळा! राजानं शेला झटकला, पुन्हा मांडला. मुकुट कानावर आला. शेवटी तो फरशीवर फतकल मारून बसला.

"बाई, दहा होतच नाहीत! आठ होतात, नाहीतर सोळा!"

"यंत्राचंही तेच होतंय, महाराज. दशांश सापडावा म्हणून बिचारं घडीवर घडी घालत जातं. जागा संपली की म्हणतं, 'चला, जवळपास आलं!' असे दहा जवळपास एकत्र केले, तर ते एकाला केसभर कमी पडतात. म्हणून घंटा नाही. अकरावी पडली की गाडी एकाच्या पुढे! मग एक भेटायचा कुठून?"

राजानं पंतांकडे पाहिलं. "खरं का हो?"

"होय महाराज. त्याला तरता दशांश म्हणतात, टिंब एका जागी न राहता सरकत राहतं. मोठ्या विद्येचं काम आहे."

"तुमचा दशांश तरतोय आणि माझा वाडा बुडतोय! पण बाई, माझी अट? भाषा तीच राहणार!"

"शास्त्रीबुवा, त्या भाषेत बोटांवर मोजल्यासारखं साधं मोजणं नाही का?"

पंत ओशाळले. "आहे की. दशांशाचं टिंब एका जागी रोवायचं, आकडा दहाच्या हिशेबानं जसाच्या तसा ठेवायचा. भाषा मुळात व्यापाऱ्यांचीच. पण म्हटलं, राजाच्या न्हाणीला वाण्याचं गणित शोभेल का..."

"शोभेल! रोवा टिंब!"

पंतांनी एक ओळ खोडली, दुसरी लिहिली. सगळे न्हाणीकडे गेले आणि सुभाना रिकाम्या हौदात ओतू लागला. आठ. नऊ. दहा...

टण्ण!

सुभानानं घागर तिथंच टेकवली. पण राजा कसला ऐकतोय!

"थांबा! उद्या मी मोठ्या घागरी आणल्या, तीन घागरींत हौद भरणाऱ्या, तर? तिसरा हिस्सा तुझ्या बोटांवर तरी बसतो का? टिंबापुढे तीन, तीन, तीन लिहीत बसा, तिन्ही हिश्शांचा एक होत नाही!"

"नाहीच होत, महाराज. केसभर उरतंच." हौसानं पदर खोचला. "म्हणून पहिले दोन हिस्से मोजायचे, तिसरा मोजायचाच नाही. उरेल ते सगळं त्याचं. घरात शेवटी जेवायला बसणारीला कधी कुणी मोजून वाढलंय?"

यावर राजा असा खदखदून हसला, की हौदातलं पाणी हिंदकळलं!

"वाड्याची सगळी गच्ची आजपासून हौसाच्या वाळवणीला दिली! सुभानाचा पगार दुप्पट! आणि आज पहिल्या पंगतीला हौसा बसेल. तिला मोजून वाढायचं नाही! उरेल ते मी आणि पंत खाऊ!"