टुण्णीचं पान

मोरीमागे होता अळू. अळूखाली होतं ओलं ओलं घर. त्या घरात राहायची टुण्णी बेडकुली. मोरीचं पाणी यायचं, अळू डुलायचा, टुण्णी गार गार बसायची.

एके दिवशी काय झालं? पाणीच आलं नाही! अळूची पानं लोंबली. ऊन आत शिरलं. टुण्णीची पाठ भाजली, चुर्र!

"अळूदादा, अळूदादा, डुल की! ऊन लागतं, मी राहू कुठे?"

अळूने मान खाली घातली. "लाज वाटते गं मला! पण पाणी येईना. आधी पाणी येऊ दे, मग मी डुलेन."

टुण टुण टुण! टुण्णी गेली मोरीत. पाणी तुंबलेलं, डब डब डब.

"पाणीताई, पाणीताई, ये की! अळू डुलेना, मी राहू कुठे?"

पाणी गढूळ झालं. "लाज वाटते गं मला! पण पाइप वाहेना. आधी पाइप वाहू दे, मग मी येईन."

टुण टुण टुण!

"पाइपकाका, पाइपकाका, वाहा की! पाणी येईना, अळू डुलेना, मी राहू कुठे?"

"खॉक खॉक! लाज वाटते गं मला! पण घशात कॅरीबॅग अडकली. आधी ती निघू दे, मग मी वाहेन."

टुण टुण टुण!

"कॅरीबॅग, कॅरीबॅग, निघ की! पाइप वाहेना, पाणी येईना, अळू डुलेना, मी राहू कुठे?"

कॅरीबॅग चुरगळली, चर्र चर्र. "लाज वाटते गं मला! पण या घरची वेणूमावशी मला मोरीत धूत होती, तेव्हा मी सटकले. मी निघाले तरी उद्या दुसरी सटकेल. आधी कापडी पिशवी बाजारात जाऊ दे, मग मी निघेन."

टुण टुण टुण! टुण्णी मावशीच्या घरात शिरली. दारामागे खिळ्याला पिशवी. पोट कसं? टम्म!

"पिशवीबाई, पिशवीबाई, जा की! कॅरीबॅग निघेना, पाइप वाहेना, पाणी येईना, अळू डुलेना, मी राहू कुठे?"

"लाज वाटते गं मला! पण पोटात कॅरीबॅगा कोंबल्यात. आधी मावशी येऊ दे, मला मोकळी करू दे, मग मी जाईन."

टुण टुण टुण! वेणूमावशी निघाली होती अळूवडीची पानं खुडायला.

"मावशी, मावशी, ये की! पिशवी जाईना, कॅरीबॅग निघेना, पाइप वाहेना, पाणी येईना, अळू डुलेना, मी राहू कुठे?"

मावशीचा चेहरा एवढासा झाला. तिने दोन्ही कान पकडले.

"लाज वाटते गं मला!"

आणि बरं का, ती 'पण' म्हणालीच नाही.

"मीच त्या कॅरीबॅगा धुते, मीच त्या कोंबते. रोज हात हलवत बाजारात जाते, रोज नवी घेऊन येते. मीच गं मी!"

मावशीने पिशवी मोकळी केली. पिशवी बाजारात गेली. भाजीवाली म्हणाली, "कॅरीबॅग देऊ?"

"नको गं, आमची पिशवी आलीय!"

घरी येऊन मावशीने पाइपात तार घातली. कॅरीबॅग निघाली, फस्स! पाइप वाहिला, भळ भळ! पाणी आलं, झुळ झुळ! अळू डुलला, डुल डुल!

मग मावशीने वडीला पानं खुडली. एक, दोन, तीन... सगळ्यात मोठ्या पानापाशी तिचा हात थांबला.

आता मात्र ती म्हणाली, "पण..."

टुण्णी घाबरली.

"पण हे पान तुझं गं, टुण्णी!"

पाणी वाहत गेलं, गोष्ट वाहत आली, बेडकुली टुण्णी गार गार झाली.